गीत, गायन आणि क्रमांक



जयंतीच्या मिरवणुकीत आपल्या सोनाळ्यात भोंग्यावर एक सुरेख भीमगीत वाजत होते. एका मुलाने विचारले, "काका, हे गाणं कोणी लिहिलं?" मला सांगता आले नाही. पेनड्राइव्हवर गाण्याचे नाव होते 'ट्रॅक ०७'. घरी येऊन जुनी कॅसेट शोधली. ती सापडली, पण तिचा कागद केव्हाच हरवला होता. गाणे आपल्यापाशी, कवी मात्र बेपत्ता! बँकेत आम्ही एका रुपयाच्या नोंदीसाठी रात्री आठपर्यंत बसतो, आणि कवीच्या आयुष्यभराच्या कमाईची नोंद कोणीच ठेवीत नाही, याचे मला वाईट वाटले. त्यातूनच प्रस्तुत लेख लिहिला आहे.

ओळख पटविण्याची अडचण जुनीच आहे. १९०२ साली कलकत्त्यात ग्रामोफोन कंपनीने गौहर जान यांची गाणी मुद्रित केली, तेव्हा गाणे संपताच त्या स्वतःचे नाव उच्चारीत. कारण तबकड्या जर्मनीत हॅनोव्हर येथे तयार होत आणि तेथील कामगारांना गायिका ओळखता यावी लागे. पुढे हे काम तबकडीवर कोरलेल्या क्रमांकांनी केले. आज त्यासाठी तीन वेगवेगळे क्रमांक आहेत. त्यांची गल्लत होते, म्हणून ते नीट समजून घेऊ.

पहिला क्रमांक बारकोडचा. दुकानात बारकोड प्रथम वाचला गेला तो २६ जून १९७४ रोजी, अमेरिकेत, च्युइंगमच्या पाकिटावर. हा क्रमांक विक्रीच्या वस्तूचा, म्हणजे संपूर्ण अल्बमचा असतो. तीच गाणी कॅसेटवर व सीडीवर निघाली, तर दोहोंचे बारकोड वेगळे. आरंभीचे ८९० हे आकडे 'क्रमांक भारतातील संस्थेने दिला' एवढेच सांगतात. माल भारतातच तयार झाला, असा त्याचा अर्थ नव्हे.

बारकोडच्या तेरा आकड्यांपैकी शेवटचा पडताळ्याचा असतो. नमुन्यादाखल ८९०००००००१२३ हे बारा आकडे घ्या. विषम स्थानांवरील आकड्यांची बेरीज ८ + २ = १०. सम स्थानांवरील बेरीज ९ + १ + ३ = १३; तिची तिप्पट ३९. एकूण ४९. पुढील दशक ५० गाठण्यास १ हवा, म्हणून तेरावा आकडा १. लिहिताना कोणी शेवटच्या २ व ३ ची अदलाबदल केली, तर बेरीज ४७ येईल, पडताळा ३ निघेल आणि चूक लगेच पकडली जाईल.

दुसरा क्रमांक आयएसआरसी. हा ध्वनिमुद्रणाचा क्रमांक होय. याचे मानक १९८६ साली आले. यात बारा अक्षरे-आकडे असतात. आरंभीची पाच क्रमांक देणाऱ्याची खूण, पुढील दोन वर्षाचे आकडे व शेवटचे पाच अनुक्रमांक. वर्ष मात्र क्रमांक दिल्याचे असते, गाणे गायिल्याचे नव्हे. भारतात हे काम इंडियन म्युझिक इंडस्ट्री ही संस्था पाहते. तेच मुद्रण दुसऱ्या अल्बममध्ये घातले तरी आयएसआरसी बदलत नाही. पुन्हा नव्याने गायिले, तर मात्र नवा क्रमांक लागतो.

बँकेच्या भाषेत सांगायचे तर बारकोड हा चेकबुकाचा क्रमांक आणि आयएसआरसी हा त्यातील एकेका चेकचा.

तिसरा क्रमांक आयएसडब्ल्यूसी. हा मूळ रचनेचा, म्हणजे शब्द व चाल यांचा असतो. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांची गीते कितीतरी गायकांनी गायिली. समजा, त्यांचे एक गीत दहा गायनपार्ट्यांनी मुद्रित केले. तर आयएसआरसी दहा होतील, पण रचना एकच राहील आणि कवीही एकच! गीतकार-संगीतकारांची आयपीआरएस ही संस्था १९६९ पासून आहे. सभासद झालेल्या कवीने आपल्या रचनांची नोंद तेथे करावयाची असते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. बारकोड मिळाला म्हणजे गाण्याची मालकी सिद्ध झाली, असे मुळीच नाही. क्रमांक फक्त ओळख देतो. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२-अ नुसार ध्वनिमुद्रणावर तीन गोष्टी छापाव्या लागतात : मुद्रण करणाऱ्याचे नाव-पत्ता, हक्कधारकाचे नाव-पत्ता आणि प्रथम प्रकाशनाचे वर्ष. कवीचे नाव या तिन्हींत येईलच असे नाही. परंतु कलम ५७ प्रमाणे हक्क विकल्यावरही 'ही रचना माझी' असे म्हणण्याचा अधिकार कवीपाशीच राहतो.

आज गावोगावची मुले मोबाइलवर गाणी मुद्रित करून वितरकामार्फत प्रसिद्ध करतात. बहुधा वितरकच बारकोड व आयएसआरसी देतो. पण अर्जातील गीतकाराचा रकाना आपणच भरायचा असतो. तेथे गायकाचे नाव टाकून मोकळे झालो, तर ती चूक कोणताही पडताळा-अंक पकडू शकत नाही.

म्हणून प्रत्येक गायनपार्टीने एक साधी नोंदवही ठेवावी. तीत गीताचे नाव, कवी, चाल देणारा, गायक-वादक, मुद्रणाची तारीख आणि क्रमांक लिहावेत. जुन्या कॅसेटवरील कवींची नावे ज्या वडीलधाऱ्यांना आठवतात, त्यांच्याकडून ती आजच लिहून घ्यावीत. ज्यांनी आपल्याला नाव दिले, स्वाभिमान दिला, त्यांचे गुणगान करणारा कवीच निनावी राहू नये.

विद्यार्थ्यांसाठी : ८९०००००००३४५ या बारा आकड्यांचा पडताळा-अंक काढा. उत्तर ७ आले, तर पाठ समजला.

जय भीम!