कोणत्या कंपनीचा पिवळा?

गाडीच्या पॉलिशिंग मशीनसाठी पॅड घ्यायला गेलं की काउंटरवरचा माणूस हमखास रंग सांगतो. ‘पिवळा न्या, पिवळा कटिंगचा.’ त्यावर एकच विचारायचं, कोणत्या कंपनीचा पिवळा? लेक कंट्रीच्या फोम पॅडांत पिवळा खरोखरच कटिंगचा, कडक. मेग्वायर्सच्या सॉफ्ट बफ पॅडांत कटिंगचं काम मरून पॅडकडे आणि पिवळा मधला, पॉलिशिंगचा. इटलीच्या रुपेसकडे जाडंभरडं काम निळा करतो आणि पिवळा नाजूक हातासाठी असतो. रंगांचा सगळ्यांना लागू असा नियम या धंद्यात नाही. ऑनलाइन स्वस्तात मिळणाऱ्या बिननावाच्या रंगीबेरंगी संचात तर रंग फोटोपुरतेच असावेत, असं माझं मत झालंय. त्यातले पॅड बोटांनी दाबून बघा, बरेचसे सारखेच मऊ लागतात.

रंग सोडून पॅड हातात घेऊन बघायचा, हे मला दाजींच्या गाडीने शिकवलं. काळी सेडान, चार-पाच वर्षं वापरलेली. सोसायटीत रोज सकाळी एक बादली आणि एकच फडकं घेऊन वीस गाड्या पुसल्या जातात, तशीच तीही पुसली जायची. त्या फडक्यातल्या धुळीने काळ्या रंगावर बारीक ओरखड्यांचं जाळं धरलं होतं. दसऱ्याच्या तोंडावर दाजींनी ती एका दुकानात रबिंग-पॉलिशला टाकली. संध्याकाळी ट्यूबलाइटखाली गाडी ताब्यात मिळाली तेव्हा बॉनेटमध्ये तोंड दिसत होतं. दसऱ्याला सकाळी झेंडूचा हार घालायला ती उन्हात उभी केली, तर बॉनेटभर रुंद, चमकते, सरकते पट्टे. ‘अरे, हे काय झालं?’ म्हणून दाजी वाकले आणि त्यांना पुढच्या बंपरची कड दिसली. काळा रंग जाऊन खालचा राखाडी प्राइमर उघडा पडला होता. दुकानदाराचं उत्तर ठरलेलं होतं: ‘साहेब, ते आधीपासूनच असणार.’

मी त्या दुकानात जाऊन काम बघितलं. लोकरी पॅड आणि तो फिरवायला चक्क चार इंची ग्राइंडर. लोखंड कापायचा ग्राइंडर मोकळा चालवला तर मिनिटाला अकरा हजारांच्या आसपास फेरे मारतो. पॉलिशिंगचं रोटरी मशीन साधारण सहाशे ते तीन हजारांत फिरतं आणि जाणता माणूस त्याची वरची टोकंही क्वचितच वापरतो. ग्राइंडरच्या वेगाने कुठलाही पॅड फिरवला तरी रंग तापणारच. पत्र्याचं बॉनेट ती उष्णता पसरवून टाकतं. प्लास्टिकच्या बंपरला ते जमत नाही, म्हणून बंपर आधी जळतो. शिवाय कडेवर आणि बॉडीच्या उठावदार रेघेवर रंग पातळच बसलेला असतो. पॅड कुठलाही असो, अशा कडांवर मास्किंग टेप चिकटवूनच मशीन हातात घ्यायचं.

लोकरी पॅडला मी सरसकट नावं ठेवणार नाही. नव्याने रंगवलेल्या पॅनलवर पेंटर दोन हजार नंबरचा पाण्याचा कागद मारतो. त्या खुणा काढायला लोकरीइतका झटपट कापणारा पॅड नाही, आणि फोमपेक्षा लोकर कमी तापते. पण लोकरीचा प्रत्येक तंतू स्वतःची रेघ मागे सोडतो. त्या रेघा उन्हात होलोग्रामसारख्या सरकताना दिसतात. त्या काढायला फोमची फेरी मारावीच लागते, नाजूक रंगावर दोन. दाजींच्या गाडीवर ती फेरी झालीच नव्हती. वरून तेलकट पॉलिश लावून खुणा बुजवल्या होत्या, आणि धुण्यात ते तेल निघून गेल्यावर राहिलेलं सगळं उघडं पडलं असतंच. काम खरं झालंय की बुजवलंय, हे बघायला आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात मिसळून त्याने एक पट्टा पुसायचा आणि मोबाइलचा टॉर्च तिरपा धरायचा.

हे सगळं ज्या थरावर चालतं तो किती पातळ असतो, याची कल्पना दुकानात कुणी देत नाही. कारखान्यातून आलेल्या गाडीवर रंगाचे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतात. त्यातला वरचा पारदर्शक क्लिअर कोट बहुधा ४० ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसाहूनही पातळ. उन्हापासून खालचा रंग वाचवणारे घटक याच थरात असतात. पॅड घासतो तो हाच थर, आणि गेलेला मायक्रॉन कुठलंही वॅक्स परत आणत नाही. जाडी मोजायचं मीटर ओळखीच्या पेंटरकडे असलं तर जरूर मोजून घ्या. पण ते सगळ्या थरांची मिळून जाडी सांगतं, एकट्या क्लिअर कोटची नाही; आणि साधं मीटर फक्त पत्र्यावर चालतं, प्लास्टिकवर नाही. एखाद्या दारावर आकडा बाकीच्यांपेक्षा खूप जास्त आला तर तिथे पुन्हा रंग बसलाय, असं समजायचं.

या पुन्हा बसलेल्या रंगाचा पॅडशी थेट संबंध आहे. कारखान्यात क्लिअर कोट १४० अंश सेल्सिअसच्या आसपास भाजून काढतात. गॅरेजमधल्या बूथमध्ये आख्खी गाडी आत असते; तिचं रबर, प्लास्टिक, वायरिंग सांभाळायचं म्हणून ६० अंशांच्या आसपासच थांबावं लागतं, आणि त्यासाठी वेगळ्या जातीचा रंग वापरतात. त्यामुळे एकाच गाडीचं बॉनेट आणि मागचं दार एकाच पॅडला वेगवेगळं उत्तर देऊ शकतात. पॅड गाडीप्रमाणे नव्हे, पॅनलप्रमाणे ठरवावा लागतो तो यामुळेच.

ठरवायचा कसा? बॉनेटच्या मधल्या सपाट भागावर फूटभर चौकोन टेपने आखायचा आणि तिथे सगळ्यात मऊ पॅड व बारीक पॉलिश यांनी सुरुवात करायची. चार-सहा फेऱ्यांत काम झालं तर त्यापुढे जायचंच नाही. नाही झालं तर पॉलिश तेच ठेवून एक पायरी कडक पॅड. तरीही नाही तर मगच कंपाउंड. पॅड आणि पॉलिश दोन्ही एकदम बदलले तर कशाने फरक पडला ते कळत नाही. दाजींच्या बॉनेटचे पट्टे मधल्या, पॉलिशिंगच्या फोमने गेले. काही खोल ओरखडे मात्र मी तसेच सोडले. दाजींना ते आवडलं नाही, ‘एवढं केलंस तर तेही काढ की’ म्हणाले. पण नखाला लागणारा ओरखडा काढायचा तर आजूबाजूचा सगळा क्लिअर कोट तेवढा खाली न्यावा लागतो. बंपरच्या कडेला तर कुठलाच पॅड उपयोगी नव्हता, तिथे पेंटरच लागला.

घरी काम करणाऱ्याने मशीन ड्युअल अ‍ॅक्शनचंच घ्यावं. त्यात पॅड गोल फिरतो आणि सोबत डोलतोही, म्हणून एका जागी उष्णता साठत नाही. पण याच डोलण्यामुळे दीड-दोन इंच जाड फोम त्याला चालत नाही. मशीनची सगळी मेहनत फोमच्या आतच जिरते, मधोमध उष्णता साठते आणि वेल्क्रो सुटतो. इंचभर किंवा त्याहून पातळ पॅड बघा, मध्ये भोक असलेला मिळाला तर उत्तम. बॅकिंग प्लेट पाच इंची असेल तर पॅड साडेपाच-सहा इंची हवा. प्लेटची कड पॅडबाहेर डोकावली तर ती रंगाला लागतेच. आरशाखाली, खांबांवर, बंपरच्या खोबणीत तीन इंची प्लेट आणि पॅड लागतात. मायक्रोफायबरचा पॅड या मशीनवर चांगला कापतो, पण नरम रंगावर धुरकट छटा सोडतो आणि निघालेला रंग धरून ठेवतो. प्रत्येक पट्ट्यानंतर ब्रशने किंवा कॉम्प्रेसरच्या हवेने तो मोकळा करावा लागतो.

पैसे खर्च करायचेच तर महागड्या एका पॅडवर न करता एकाच जातीच्या चार-पाच पॉलिशिंग पॅडांवर करा. एका पॅडवर आख्खी गाडी निघत नाही. पॉलिश आणि निघालेला क्लिअर कोट फोममध्ये भरत जातो, पॅड जड होतो, तापतो आणि त्याच मऊ पॅडने ओरखडे पडू लागतात. एक-दोन पॅनल झाले की पॅड बदलायचा. कंपाउंडला वापरलेला पॅड धुतला तरी पुढे बारीक पॉलिशला वापरायचा नाही. मी मागे मार्करने ‘क’ लिहून ठेवतो. काम संपल्याबरोबर कोमट पाण्यात भांड्यांचं लिक्विड घालून हाताने चेपून धुवायचे आणि फोमची बाजू खाली ठेवून सावलीत वाळवायचे, म्हणजे पाणी वेल्क्रोच्या गोंदात उतरत नाही. पुढच्या वेळी फोम चिरलेला किंवा वेल्क्रोपासून सुटत आलेला दिसला तर तो पॅड अलॉयचं किंवा हेडलाइटचं काम करायलाही ठेवू नका. फिरताना सुटला की उघडी प्लेट थेट काचेवर बसते.