सम-विषमाचे कोडे : एक उदाहरण केव्हा पुरते?

महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची शिष्यवृत्ती परीक्षा २०१७ साली सातवीऐवजी आठवीला घेण्यात आली, तेव्हा प्रश्नपत्रिकेत एक नवी गोष्ट आली. काही प्रश्नांना चारपैकी दोन पर्याय अचूक, आणि दोन्ही नोंदवले तरच गुण. अशा प्रश्नांना सम-विषम संख्या हा विषय फार सोयीचा. सरावासाठी रचलेला हा प्रश्न पाहा.

क्ष ही विषम संख्या असेल, तर पुढीलपैकी कोणत्या दोन राशी नेहमी सम असतील?
(१) क्ष(क्ष + १)
(२) क्ष(क्ष + १) ÷ २
(३) ३क्ष + ४
(४) (क्ष − १)(क्ष + १) ÷ २

पुष्कळ विद्यार्थी क्ष = ३ घेतात. उत्तरे येतात १२, ६, १३ आणि ४. सम राशी तीन, मागितल्या आहेत दोन! मग क्ष = ७ घेऊन पाहतात : ५६, २८, २५, २४. पुन्हा तीनच. येथे घाईने पहिले दोन पर्याय रंगवले की गुण गेला.

आता क्ष = ५ घ्या. ३०, १५, १९, १२. दुसरी राशी विषम निघाली! ३ आणि ७ यांनी आपल्याला फसवले, ते का?

सम संख्या २म अशी लिहिता येते, विषम संख्या २म + १ अशी. बेरीज, वजाबाकी किंवा गुणाकार करताना दोनाच्या पटीतला भाग दोनाच्या पटीतच राहतो. उत्तर सम की विषम, हे फक्त त्या उरलेल्या १ वर ठरते. म्हणून (१) आणि (३) यांसाठी क्षची एकच किंमत घालून पाहिली तरी ती सिद्धता ठरते. आम्हा भौतिकीच्या शिक्षकांना एका प्रयोगावर असा निकाल देण्याचे भाग्य क्वचितच लाभते!

भागाकार आला की मात्र हा नियम मोडतो. १२ आणि १४ दोन्ही सम, पण त्यांची निमपट ६ आणि ७. दुसऱ्या राशीत क्ष = २म + १ घाला. (२म + १)(२म + २) ÷ २, म्हणजे (२म + १)(म + १). पहिला अवयव विषमच, तेव्हा सारे काही म वर अवलंबून. ३ साठी म = १, ७ साठी म = ३, दोन्ही विषम, म्हणून म + १ सम. ५ साठी म = २, आणि डाव उलटला.

चौथ्या राशीतही भागाकार आहे, पण तेथे क्ष − १ आणि क्ष + १ या लागोपाठच्या सम संख्या आहेत. त्यांतील एकीला ४ ने भाग जातोच. गुणाकाराला ८ ने, त्याच्या निमपटीला ४ ने भाग जातो. तेव्हा उत्तर (१) व (४). क्ष = १ घेतल्यास चौथी राशी ० येते. शून्य सम आहे, कारण ० = २ × ०. याबद्दल विद्यार्थी उगाच अडखळतात. ऋण संख्यांनाही हेच नियम लागू; −३ = २(−२) + १, म्हणून ती विषम.

हडपसरहून मध्य पुण्यात जाणाऱ्यांना सम-विषम तारखांच्या पार्किंगच्या पाट्या ठाऊक असतील. आजच्या तारखेत १ मिळवला की सम-विषमता बदलते, म्हणून गाडी लावण्याची बाजूही बदलते. मग वर्षातून किती वेळा दुसऱ्या दिवशीही बाजू तीच राहते?

(उत्तर : ३१ तारखेनंतर १ तारीख येते तेव्हा, म्हणजे ७ वेळा. लीप वर्षात २९ फेब्रुवारीमुळे ८ वेळा.)