पाणी तपासणारी मुले आणि आपली विहीर



आपल्यापैकी कितीतरी जणांची मुले पोटापाण्यासाठी ठाणे-कल्याणकडे गेलेली आहेत. त्यांच्याकडे जाता-येता कल्याण-शीळ रस्त्यावरचे मानपाडा तुम्ही पाहिले असेल. जवळच डोंबिवलीची औद्योगिक वसाहत. याच डोंबिवलीत जानेवारी २०१४ मध्ये हिरवा पाऊस पडल्याच्या आणि फेब्रुवारी २०२० मध्ये रस्ता गुलाबी झाल्याच्या बातम्या आल्या. रंग दिसला म्हणून बोभाटा झाला. पण पाण्यातला बिघाड बहुतेक वेळा डोळ्यांना दिसत नाही, तो मोजावा लागतो.

हे मोजण्याचे काम विद्यापीठे करतात. मुंबई विद्यापीठातील संशोधकांनी जवळच्या तळोजा औद्योगिक क्षेत्रातील सांडपाण्याचे नमुने तपासून २०११ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली पर्यावरण शिक्षण सक्तीचे करण्याचा आदेश दिला. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आखला, त्यात १०० पैकी २५ गुण प्रत्यक्ष पाहणीला ठेवले. राज्य शासनाने २०१६ साली सुरू केलेल्या उन्नत महाराष्ट्र अभियानाचा तर हेतूच असा, की गावाचा प्रश्न कॉलेजात जावा.

आता तुम्ही म्हणाल, ह्याचा उसाशी काय संबंध? संबंध आहे. पाटाने भरमसाट पाणी द्यायचे, निचरा नाही, खताचा मारा जादा. मग रान पांढरे पडायला किती वेळ? मातीची विद्युत वाहकता ४ डेसीसायमनच्या वर गेली की जमीन खारवट समजतात. सामू ८.५ च्या वर गेला की चोपणाची शंका घ्यावी. जादा दिलेला युरिया झिरपून विहिरीत उतरतो. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलीग्रॅम आहे. त्यापुढे तान्ह्या मुलांना धोका.

आणि दोष फक्त शेतकऱ्याचा नाही. साखर कारखानाही यातून सुटत नाही. सांडपाण्यातली घाण कुजताना पाण्यातला प्राणवायू खाते, मग मासे तडफडून वर येतात. ही मागणी मोजतात तिला बी.ओ.डी. म्हणतात. कारखान्याच्या सांडपाण्यासाठी तिची मर्यादा नदी-ओढ्यात सोडताना लिटरला ३० आणि जमिनीवर सोडताना १०० मिलीग्रॅम आहे. कारखाना आपला आहे, म्हणून हिशेबही आपणच मागितला पाहिजे.

जवळच्या कॉलेजची मुले प्रकल्पाला विषय शोधतच असतात. त्यांना बोलवा, पण पुढील गोष्टी ध्यानात ठेवा.

१) प्रश्न आपण ठरवावा. "पर्यावरणाचा अभ्यास करा" असे मोघम सांगू नये. "ओढ्याकाठच्या दहा विहिरींचे पाणी पिण्याजोगे आहे का?" असे नेमके विचारावे.

२) नमुना घेण्याआधी पंप दहा मिनिटे चालू ठेवावा. बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळावी. विहीर, तारीख, वेळ लगेच लिहावी.

३) गाळपापूर्वी, गाळप चालू असताना आणि पावसाळ्यानंतर, असे तीनदा नमुने घ्यावेत. एका तपासणीवरून कुणाला दोषी धरू नये आणि निर्धास्तही राहू नये.

४) आकडे गंभीर निघाले तर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून फेरतपासणी करून घ्यावी.

५) अहवाल गावात परत आलाच पाहिजे, तोही मराठीत. ग्रामसभेत वाचून घ्यावा, एक प्रत ग्रामपंचायतीत ठेवावी.

ही शेवटची अट आम्हांला सर्वांत मोलाची वाटते. मुलांना गुण मिळाले आणि अहवाल कपाटात गेला, तर विहिरीला काय फायदा? पुढच्या वर्षीच्या मुलांनी त्याच विहिरींचे पाणी पुन्हा तपासले, तर पाच वर्षांत गावाच्या पाण्याची खातेवहीच तयार होईल. उसाच्या वजनाची पावती आपण जपून ठेवतो. पाण्याचीही ठेवायला लागू या.