तीस दिवसांत पहिल्या पानावर? आधी हिशेब मांडा

हायवेला लागून हॉटेल टाकलं, मागच्या रानात चार खोल्या बांधल्या, ओळखीतल्या पोराकडून वेबसाइट करून घेतली, की थोड्याच दिवसांत फोन सुरू होतात. ‘सर, तुमची वेबसाइट गूगलवर पहिल्या पानावर आणून देतो. तीस दिवसांत, गॅरंटीनं. महिन्याला फक्त बारा हजार.’ पुणे-सातारा हायवेवरच्या वरवे बुद्रुकच्या हॉटेलवाल्याला हा फोन नवा नाही. नर्सरीवाल्याला, गॅरेजवाल्याला, पोत्यावर मोबाइल नंबर छापून इंद्रायणी तांदूळ थेट विकणाऱ्या शेतकऱ्यालाही तो येतो.

बारा हजारांना ‘फक्त’ म्हणणाऱ्याकडून वर्षाचा आकडा काढून घ्यावा. बारा महिन्यांचे १,४४,००० रुपये, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १,६९,९२०. आता समजा, मुक्कामाला येणाऱ्या एका माणसामागे जेवणखाण, कामगार, वीज वजा जाता तुमच्या हातात ७०० रुपये उरतात. एसईओवाल्याचे, म्हणजे साइट गूगलवर वर आणून देतो म्हणणाऱ्याचे, पैसे नुसते फिटायलाच वर्षाला २४३ माणसं जादा यायला हवीत, म्हणजे दर शनिवार-रविवारला जवळजवळ पाच. खोल्या चार, आणि पावसाळ्यातल्या सुट्ट्यांना त्या अशाही भरलेल्या. ही जादा माणसं झोपवायची कुठे? दिवसाला दोन-तीनशे थाळ्या लावणाऱ्या हॉटेलचं गणित वेगळं निघेल, आणि पुण्यातल्या कारखान्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या वर्कशॉपला एक ऑर्डर आली तरी वर्षाचा खर्च सुटेल. म्हणून दर ऐकण्याआधी एका गिऱ्हाइकामागे आपल्याला काय सुटतं तो आकडा वहीत हवा. तो नसेल तर कुठलाही दर स्वस्त वाटतो.

जीएसटीचं तिथेच बघून घ्या. वर्षाला २० लाखांच्या आतली उलाढाल असलेल्या, नोंदणी न केलेल्या फ्रीलान्सरला सेवेवर जीएसटी लावताच येत नाही. बिलात कर दिसला तर जीएसटी नंबर मागा. महाराष्ट्रातली नोंदणी असेल तर तो २७ ने सुरू होतो, आणि सरकारी पोर्टलवर टाकला की नाव-पत्ता समोर येतो. तुमची स्वतःची नोंदणी नसेल किंवा तुम्ही जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत असाल, तर हे १८ टक्के परत मिळत नाहीत, ते खर्चातच धरायचे.

आता कामाचं. पुण्याहून निघालेला माणूस गाडीत बसल्या बसल्या मोबाइलवर ‘जेवणाचं हॉटेल’ किंवा ‘राजगडजवळ राहायची सोय’ असं टाकतो, तेव्हा बहुतेक वेळा वर येतो तो नकाशा आणि त्याखाली दोन-तीन नावं. वेबसाइटांची रांग त्याच्याही खाली. हायवेवरच्या धंद्याला गिऱ्हाईक मिळतं ते मुख्यतः या नकाशातून, आणि त्यावरची नोंद फुकट आहे. २०२१ पर्यंत तिला गूगल माय बिझनेस म्हणत, आता गूगल बिझनेस प्रोफाइल म्हणतात. इथला क्रम तीन गोष्टींवर ठरतो : शोधलेल्या गोष्टीशी तुमचा धंदा किती जुळतो, शोधणाऱ्यापासून तुम्ही किती लांब आहात, आणि तुमचं नाव किती झालेलं आहे. अंतर कुणाच्या बापाला बदलता येत नाही. पैसे भरून हा क्रम वर नेता येत नाही, हे गूगलनं स्वतःच लिहून ठेवलंय. त्यामुळे ‘नकाशावर टाकण्याची फी’ मागणारा माणूस तुमच्या अर्ध्या तासाच्या कामाचे पैसे मागत असतो. तेवढंच सांगून मागत असेल आणि ५००–१,००० रुपयांत करून देत असेल तर तक्रार नाही. टायपिंगचा कंटाळा असतो लोकांना.

नोंद खरी करायला हल्ली बहुधा व्हिडिओ मागतात. रस्ता, आजूबाजूच्या खुणा, दुकानाची पाटी, आणि जागा तुमचीच आहे हे दाखवायला कुलूप उघडताना किंवा गल्ल्यामागे जातानाचं चित्रण, सगळं न तोडता एका दमात. पाटी नसेल तर इथेच अडतं. तेव्हा फ्लेक्स आधी, प्रोफाइल नंतर.

मग टाचणी. गट नंबर टाकला की नकाशा अनेकदा टाचणी गावठाणात किंवा भलत्याच बांधावर नेऊन टोचतो. ती हातानं उचलून तुमच्या फाटकावर आणा, तीही सर्व्हिस रोडच्या बाजूनं. हायवेवर ही बाब पैशांची आहे. साताऱ्याकडे जाणाऱ्या गाडीला तुम्ही डाव्या हाताला आहात की पलीकडच्या लेनला, यावर ती थांबणार की पुढे कुठेतरी वळून परत यायचा कंटाळा करून निघून जाणार, हे ठरतं. वर्णनात सरळ लिहा : ‘पुण्याहून साताऱ्याकडे जाताना डाव्या हाताला, सर्व्हिस रोडवर, ट्रॅव्हल्स उभी राहील एवढं पार्किंग.’

नावात मात्र पाटीवर आहे तेवढंच टाका. ‘हॉटेल अमुक – राजगड तोरणा बेस्ट फॅमिली व्हेज नॉनव्हेज रूम्स’ असली रेल्वेगाडी जोडायचा सल्ला बरेच जण देतात. त्यानं प्रोफाइल बंद पडू शकतं, आणि पडलं की परत मिळवताना नाकीनऊ येतात.

रिव्ह्यूंचंही असंच. नगावर विकत मिळतात, पण घेऊ नका. गूगल ते काढून टाकतं, आणि ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी भारतीय मानक ब्युरोनं २०२२ मध्ये आयएस १९००० हे मानक आणलंय, तेही विकतच्या शिफारशींविरुद्धच आहे. ‘रिव्ह्यू द्या, ताक फुकट’ हेसुद्धा गूगलच्या नियमात बसत नाही. गल्ल्यावर क्यूआर कोडचं लॅमिनेट केलेलं कार्ड ठेवा, खर्च शंभर-दीडशे, आणि बिल देताना तोंडानं सांगा. वाईट रिव्ह्यूला दोन ओळींत नम्र उत्तर द्या. पुढचा माणूस तक्रारीपेक्षा तुमचं उत्तर वाचतो.

वेबसाइटकडे वळताना आधी ती गूगलला दिसते तरी का, हे बघावं. सर्च कन्सोल नावाचं गूगलचंच फुकट साधन आहे. कोणते शब्द टाकल्यावर तुमचं पान दिसलं, किती जणांनी बोट लावलं, सरासरी कितव्या नंबरावर होतं, हे सोळा महिन्यांपर्यंतचं मागचं सगळं त्यात सापडतं. वर्डप्रेसवर केलेल्या साइटमध्ये एक हमखास चूक निघते. सेटिंग्जमध्ये रीडिंग म्हणून पान आहे, त्यात ‘डिस्करेज सर्च इंजिन्स’ असा एक चौकोन असतो. साइट बांधत असताना पोरं त्यावर खूण करतात आणि काम संपल्यावर काढायला विसरतात. ती खूण आहे तोवर तुम्ही गूगलला ‘आमच्याकडे येऊ नका’ असंच सांगत असता. काढायला खर्च शून्य.

दुसरी चूक खास आपल्याकडची. मेन्यू कार्ड छापणाऱ्या प्रेसकडे मजकूर श्रीलिपीच्या जुन्या फाँटात असतो, तोच उचलून साइटवर चिकटवला की अक्षरांची खिचडी दिसते. मग तोडगा म्हणून मेन्यूचा फोटोच चढवतात. मराठी मजकूर युनिकोडमध्ये टाइप केलेला हवा, आणि पदार्थ, भाव, वेळ, फोन नंबर हे फोटोत नाही तर पानावर अक्षरांत. फोटो मोबाइलमधून जसेच्या तसे चढवले तर एकेक चार-पाच एमबीचा भरतो. मार्गासनीच्या पुढे वेल्ह्याच्या, म्हणजे आताच्या राजगड तालुक्याच्या, डोंगरात रेंज जेमतेम असलेल्या माणसासमोर ते पान उघडतच नाही. फोटो दोनशे केबीच्या आत आणा. फुकट साधनं आहेत, नाहीतर साइटवाला एका बैठकीत करून देईल. दीड-दोन हजारांच्या वर देऊ नका.

लिहायचं काय? वरव्याचं नाव शोधणारे थोडे, आणि इंग्रजीत ते कुणी व्हीनं लिहितं, कुणी डब्ल्यूनं, शिवाय शेजारी वरवे खुर्द आहेच. पुण्या-मुंबईचा माणूस राजगड, तोरणा, बनेश्वर, नसरापूर, केतकावळ्याचं बालाजी मंदिर ही नावं टाकतो. तेव्हा राजगडला गुंजवण्याकडून चढावं की पाली दरवाजानं, म्हातारी माणसं बरोबर असतील तर कुठली वाट बरी, चेलाडीहून आत वळल्यावर रस्ता कसा आहे, पहाटे किती वाजता निघावं आणि तेव्हा चहा कुठे मिळतो, हे एका पानावर नीट लिहा. पुण्यात बसून शंभर साइटांचं ‘कंटेंट’ पाडणाऱ्याला यातलं काही माहीत नसतं. मराठीतून असलं नेमकं लिहिलेलं अजून कमी आहे, म्हणून वर यायला सोपं जातं. एक सावधगिरी : ऑगस्ट २०२४ पासून भारतात गूगल बऱ्याच प्रश्नांना वरच एआयनं तयार केलेलं उत्तर देतं. नुसती माहिती देणाऱ्या पानावरचे क्लिक त्यानं कमी होऊ शकतात. त्याच पानावर खोलीचं भाडं आणि फोन नंबर असू द्या.

तांदूळवाल्यानं ‘इंद्रायणी तांदूळ’ एवढ्या शब्दांवर पहिलं यायचा नाद सोडावा. तिथे मोठ्या विक्री साइट बसल्यात आणि त्यांना हलवायला लागणारा पैसा भातात नाही. ‘भोरचा इंद्रायणी, हातसडी, नवा की जुना, पाच किलोचा भाव, कात्रज-धनकवडीला घरपोच’ हे मात्र जमण्यातलं आहे.

आता बाहेरून करून घ्यायचं झालं तर. पुढचे आकडे पुण्याकडच्या बाजारातले ढोबळ आहेत, त्यावर घासाघीस होते. डोमेन वर्षाला साधारण ६०० ते १,५००. पहिल्या वर्षाची जाहिरात ९९ रुपयांची असते, दुसऱ्या वर्षीचा दर खालच्या बारीक अक्षरात. छोट्या साइटचं होस्टिंग दोन ते सहा हजार. साइट एकदा तपासून चुकांची यादी काढून घ्यायला पाच ते पंधरा हजार, त्या दुरुस्त करायला जवळपास तेवढेच. मराठीत पान लिहून घ्यायचं तर ५०० ते २,०००. एका दिवसाचं फोटोग्राफरचं काम तीन ते आठ हजार, आणि माझ्या मते या सगळ्या यादीत सर्वांत लवकर फिटणारा खर्च हाच. महिन्याच्या कामाला फ्रीलान्सर पाच ते पंधरा हजार घेतो, एजन्सी पंधरा हजारांच्या पुढे.

खोल्या, हॉटेल, नर्सरी, तांदूळ यांतल्या बहुतेकांना एकदाचं काम पुरतं. पंधरा-वीस हजार आणि स्वतःचे आठवड्याला दोन तास. महिन्याचं पॅकेज घेणाऱ्यानं विचारावं, सहाव्या महिन्यात नेमकं काय करणार? ‘बॅकलिंक’, म्हणजे दुसऱ्या साइटांवरून तुमच्याकडे आणलेल्या लिंका, असं उत्तर आलं तर उठावं. विकतच्या लिंकांवर गूगलनं २०१२ मध्ये पेंग्विन नावाच्या बदलानं घाव घातला, तरी ‘तीन हजारांत पाचशे लिंक’ आजही विकल्या जातात. ‘मेटा कीवर्ड’, म्हणजे पानाच्या कोडमध्ये लपवलेले शब्द, ‘भरून देऊ’ म्हणणारा तर त्याहून मागे आहे. क्रम ठरवताना ते आपण बघत नाही, हे गूगलनं २००९ मध्येच जाहीर केलंय. आणि गॅरंटीचं म्हणाल तर पहिल्या नंबराची हमी कुणीच देऊ शकत नाही. सुधारणेचा फायदा दिसायला चार महिने ते वर्ष लागतं, असा खुद्द गूगलचा अंदाज आहे.

हमी ‘पाळणारेही’ असतात. महिनाअखेर स्क्रीनशॉट येतो, तुमचं हॉटेल पहिल्या नंबरावर. नीट बघा, वर शोधलेलं काय आहे : तुमच्याच हॉटेलचं पूर्ण नाव, गावासकट. तिथे तुम्ही पैसे न देताही पहिलेच असता. स्वतःच्या मोबाइलवर बघून खूश होऊ नका, तुम्ही आवारात उभे असता म्हणून गूगल तुम्हाला तुमचंच दुकान आधी दाखवतं. अहवाल मागायचा तो सर्च कन्सोलमधला, नाव सोडून इतर शब्दांचा. प्रोफाइलमधून किती फोन आणि ‘दिशा दाखवा’वर किती बोटं लागली, तेही त्यात हवं.

करार साध्या कागदावर चालेल, पण मालकी तुमची हवी. डोमेन तुमच्या नावानं, तुमच्या ईमेलवर. प्रोफाइलचे मुख्य मालक तुम्ही, एजन्सीला फक्त मॅनेजरचा प्रवेश. सर्च कन्सोलमध्येही तसंच. भांडण झालं की अडकतं ते इथेच : साइट तुमची, पण चावी त्याच्याकडे, आणि डोमेन हलवायचा ट्रान्सफर कोड मागितला की फोन बंद. पैसे तीन टप्प्यांत द्या, वर्षाचे आगाऊ नकोत. पुढे ग्राहक आयोगात जाऊ म्हणाल, तर धंद्यासाठी घेतलेल्या सेवेत ‘तुम्ही ग्राहक आहात का’ यावरच आधी वाद होतो. आणि ‘गूगलमधून बोलतोय, प्रोफाइल बंद होईल, ओटीपी सांगा’ असा फोन आला तर तो ठेवा. पैसे गेलेच असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला कळवा.

जाहिरात हा निराळा मामला. गूगल अ‍ॅड्समध्ये क्लिकमागे पैसे जातात, दिले तोवर दिसता, थांबले की गायब. मूळ क्रमाला त्यानं काही फरक पडत नाही. लांबलेल्या सुट्टीच्या आठवड्यात दिवसाला दोन-तीनशे लावून बघायला हरकत नाही, फक्त परिसर पुणे-पिंपरीपुरता ठेवा. नाहीतर नागपूरच्या क्लिकचेही पैसे भराल.

कामाची वेळ चार महिने आधीची धरा. राजगड-तोरण्याची गर्दी जून-जुलैत लागते, तेव्हा पानं आणि फोटो फेब्रुवारीत चढलेले हवेत. त्यासाठी हिरव्या डोंगराचे फोटो आदल्या श्रावणातच काढून ठेवावे लागतात. नवा तांदूळ दिवाळीनंतर हाती येतो, त्याचं पान आषाढात लिहावं आणि भाव ठरला की त्याच पानावर आकडा बदलावा. दरवर्षी नवं पान काढू नये, जुन्याची मिळालेली जागा जाते.