उमेदीची प्रतीक्षा

प्रश्न : मी महसूल खात्यात कारकून आहे. खातेपरीक्षेतील यशाची स्वप्ने रोज रंगवतो, पण पुस्तक काही उघडत नाही. उमेद कशी आणावी?

उत्तर : आपले दुखणे आळसाचे नसून, माझ्या मते, त्या स्वप्नांचेच आहे, कारण यशाचे चित्र पुरते रंगविले की, ते जणू पदरात पडल्याच्या समाधानाने मन सैलावते, असे जर्मन मानसशास्त्रज्ञ गाब्रिएले ओटिंगेन यांच्या प्रयोगांत आढळून आले आहे. म्हणून त्या कल्पनेला लागलीच आडव्या येणाऱ्या अडचणीची जोड द्यावी आणि मानसशास्त्रज्ञ पेटर गोल्विट्झर यांनी १९९९ साली विशद केलेल्या रीतीने तिचा बंदोबस्त आगाऊ मुक्रर करावा : ‘कचेरीतून येऊन चहाची कपबशी खाली ठेविली, की जमीन महसूल संहितेची दोन कलमे वाचीन.’ उमेद (ती बहुधा कामामागूनच येते) तूर्त हिशेबात धरू नये. भिंतीवरचे सुविचारांचे तक्तेही खुशाल उतरवावेत.