चित्रपटाची नांदी : आधी कान, मग डोळे

समोर चालू झालेला चित्रपट कोणत्या जातकुळीचा आहे हे प्रेक्षकाला केव्हा कळते? नायक-नायिकेची भेट झाल्यावर, पहिला खून पडल्यावर, की पहिले गाणे संपल्यावर? माझ्या मते इतकी वाट पाहावी लागतच नाही. पहिल्या दोन-तीन मिनिटांत, पुष्कळदा श्रेयनामावली सरकत असतानाच, आपल्या मनात एक अपेक्षा तयार झालेली असते. खुर्चीत सैल बसायचे की सावरून, हे तेव्हाच ठरते. ही अपेक्षा दृश्य आणि ध्वनी मिळून निर्माण करतात. पण ‘चित्रपट’ या नावातच चित्र असल्यामुळे आपण सगळे श्रेय चित्राला देऊन मोकळे होतो. प्रस्तुत लेखात मला ध्वनीची बाजू मांडायची आहे, आणि तीही पेडणे-डिचोलीकडच्या प्रेक्षकाच्या जागेवर बसून. कारण हा प्रेक्षक चित्रपटगृहात जाण्यापूर्वीच कानाने ओळखायला शिकलेला असतो, असे मला वाटते.

त्याची शाळा म्हणजे जात्रेतला दशावतारी काला, आमच्या बोलीत कालो. समर्थांच्या दासबोधात दशावतारी खेळाचा उल्लेख आहे, तेव्हा ही परंपरा सतराव्या शतकाइतकी तरी जुनी मानायला हरकत नाही. पेडण्याच्या गावांत देवाची पालखी देवळाभोवती फिरून आली की मंडपात खेळ उभा राहतो. नाटक लिहिलेले नसते. संवाद नटाने उभ्या जागी रचायचे. नेपथ्य म्हणजे एक पडदा आणि एक बाक. तोच बाक सिंहासन, तोच पर्वत, तोच पलंग. डोळ्यांना पुरवायला इतके थोडे असताना राजवाडा कुठला, अरण्य कुठले आणि रणभूमी कुठली, हे मागच्या रांगेतल्या म्हातारीला कळते कसे? ते पखवाज, पायपेटी आणि झांज सांगतात. राजाच्या प्रवेशाची लय वेगळी, राक्षसाची वेगळी. स्त्री-पात्राच्या शोकाला पेटीचे सूर लांबतात. युद्धाला पखवाज आणि झांज द्रुत लयीत शिरतात आणि नट गिरक्या घेऊ लागतात. माझा आजो मंडपाच्या खांबाला टेकून डोळे मिटून बसे आणि आम्हां पोरांना सांगे, “आधी पखवाज आयक, मगे नाटक बघ.” आम्हांला वाटे की म्हाताऱ्याला झोप आली आहे!

मुख्य आख्यान सुरू होण्यापूर्वी जो पूर्वरंग होतो त्याला आडदशावतार म्हणतात. धुमाळी झाली की गणपती येतो, ऋद्धि-सिद्धी येतात, पूजेला भट येतो, सरस्वती येते. मग काळ्या वेशातला संकासूर. हा ब्रह्मदेवाचे वेद पळवणारा दैत्य. पण बोलतो मालवणीत आणि हसवून हसवून पोट दुखवतो. “संकासूर इलो!” अशी आरोळी पोरांतून उठते ती तो दिसल्यावर नव्हे, त्याच्या प्रवेशाचा ठेका पडल्यावर. शेवटी विष्णू त्याचा वध करतो आणि मग आख्यान लागते. या तासाभरात प्रेक्षकाशी एक करार झालेला असतो: आज देव येतील, दैत्य येतील, दैत्य मरेल, पण मरण्यापूर्वी तो तुम्हांला हसवील. भीती, भक्ती आणि विनोद यांचे प्रमाण किती, हे आधीच सांगून टाकलेले असते.

यात आश्चर्य वाटण्यासारखे काही नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात पाचवा अध्याय पूर्वरंगाचा आहे आणि त्यातली पहिली नऊ अंगे पडद्याआड करायची आहेत: वाद्ये मांडणे, गायकांनी बसणे, सूर लावणे, हात साफ करणे इत्यादी. म्हणजे प्रेक्षकाला काहीही दिसण्याच्या आधी बरेच काही ऐकू यावे, अशी योजना मुळातच होती. अर्थात आमचा पखवाजी काही भरतमुनी वाचून बसलेला नसतो. या अंकाच्या कन्नड विभागातील मित्रांना यक्षगानातला चंडेचा गजर आणि त्यामागून येणारे कोडंगी व बालगोपाल आठवतील. घाटाच्या दोन्ही बाजूंना रीत एकच आहे.

आता चित्रपटाकडे वळू. माझ्या दृष्टीने ध्वनीने आरंभ कसा करावा याचा उत्तम धडा आपल्याकडे १९३६ सालीच दिला गेला आहे. प्रभातचा ‘संत तुकाराम’ घ्या. दामले-फत्तेलालांचे दिग्दर्शन, केशवराव भोळ्यांचे संगीत. आरंभी तुकाराम डोळे मिटून अभंग गाताना दिसतात. सूर साधा, चाल सरळ, शरीर जवळजवळ निश्चल. लगेच तोच अभंग सालोमालोच्या तोंडी येतो, स्वतःचा म्हणून, आणि नटवून सजवून. शब्द तेच; गाण्याची तऱ्हा मात्र पार बदललेली. एकही स्पष्टीकरण न देता प्रेक्षकाला तीन गोष्टी कळतात. हा संतपट आहे. यातला खलपुरुष तलवार घेऊन नव्हे तर तान घेऊन येणार आहे. आणि पुढचा झगडा शब्दांच्या मालकीचा नसून खऱ्या-खोट्या भावाचा आहे. डोळे मिटून ऐकले तरी यातले बहुतेक सारे हाती लागते. उलट आवाज बंद करून नुसते पाहिले तर दोन माणसे आळीपाळीने तोंड हलवताना दिसतात, एवढेच! हा चित्रपट १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात वाखाणला गेला. मराठी न जाणणाऱ्यांपर्यंतही तो पोचला, यात या दोन गळ्यांतल्या फरकाचा वाटा असावा, असा माझा तर्क आहे.

‘शोले’ (१९७५) सर्वांच्या परिचयाचा, म्हणून थोडक्यात सांगतो. आगगाडी एका लहान स्टेशनात येते, एक पोलीस अधिकारी उतरतो आणि ठाकुराच्या माणसाबरोबर घोड्यावरून निघतो. श्रेयनामावली संपेपर्यंत नुसती ही घोडदौड आणि राहुलदेव बर्मन यांचे संगीत. खडक, उघडा माळ आणि घोडे हे दृश्य महाराष्ट्राच्या ऐतिहासिक चित्रपटातही चालले असते. तिथे तुतारी आणि डफ वाजला की आपण शिवकाळात गेलो असतो. इथे गिटार वाजते आणि आपण अमेरिकेतल्या गुराख्यांच्या मुलखात जातो. चित्राचा अर्थ वाद्याने फिरवला. ज्या पाश्चात्त्य चित्रपटांचा हा वारसा, त्यांतला सेर्जिओ लिओनेचा ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’ (१९६८) तर याहून धीट. त्यातही रेल्वे स्टेशनच आहे, पण संगीत नाही. कुरकुरणारी पवनचक्की, टोपीवर ठिबकणारे पाणी, माशीची गुणगुण. तीन माणसे कोणाची तरी वाट पाहत आहेत आणि ती स्वागतासाठी आलेली नाहीत, हे त्या शांततेतूनच कळते.

भयपटाचे संकेत सर्वांत ठरीव. वादळी रात्र, ओसाड वाडा, नव्या मालकाला जुनी कहाणी सांगणारा म्हातारा माळी: कमाल अमरोहींच्या ‘महल’ने (१९४९) हा साचा आपल्याकडे असा बसवला की पुढच्या कित्येकांनी त्यातच पाणी ओतले. मला अधिक विचार करायला लावतो तो राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ (२०१८). त्याच्या आरंभी बाप मुलाला देवीची आणि तिच्या शापित पुत्राची कथा सांगतो, आणि मग पाऊस लागतो तो लागतोच. आता पाहा, पेडण्याच्या माणसाला पावसाचा आवाज म्हणजे भीती नव्हे. मृग लागला, शेत लावायचे, सुके बाजार संपायच्या आत भरायचे, कौले शेकारायची राहिली असतील तर घरात बोलणी खायची. असा ओळखीचा, घरगुती आवाज चित्रपट आपल्याकडून काढून घेतो आणि त्यात किळस मिसळून परत देतो. नवा आवाज आणून घाबरवणे सोपे. ओळखीच्या आवाजाची ओळख मोडणे अवघड.

वर्गात मी एक साधा प्रयोग करतो. विद्यार्थ्यांना पडद्याकडे पाठ करून बसवतो आणि एखाद्या चित्रपटाची पहिली तीन मिनिटे फक्त ऐकवतो. मग काय ऐकले आणि चित्रपट कोणत्या प्रकारचा वाटला, हे लिहायचे. त्यानंतर तीच तीन मिनिटे आवाज बंद करून पाहायची. नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ (२०१६) ज्यांनी पाहिलेला नाही असे विद्यार्थी आता सापडू लागले आहेत. आरंभीच्या क्रिकेट सामन्याचे चटकदार समालोचन ऐकून वर्ग हसतो आणि बहुतेक जण ‘विनोदी’ असे लिहितात. त्यांचे चुकत नाही; चित्रपटाने वचनच तसे दिलेले आहे. मात्र अखेरच्या दृश्यात आवाज पूर्ण काढून घेतला जातो, तेव्हा त्या समालोचनाची किंमत कळते. भोंग्याच्या गलक्याने सुरुवात नसती तर त्या शांततेचे इतके ओझे झाले नसते. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ (२०१४) मात्र वर्गाला पेचात टाकतो. शिकवणीची मुले, बसचा आवाज, मग सभेतला शाहिरी गळा आणि तिथेच अटक. ‘आता घाबरा’, ‘आता रडा’ असे सांगणारे पार्श्वसंगीत मदतीला येत नाही. एका मुलाने लिहिले होते, “बातमीसारखे वाटते.” मला तो शेरा मार्मिक वाटला.

इथवरचे विवेचन निरुपद्रवी आहे. पण या संकेतांना दुसरी बाजूही आहे. प्रकार सुचवणारा आवाज माणसांना आणि मुलखालाही साच्यात बसवतो. हिंदी चित्रपटात गोवा आला की काय ऐकू येते? गिटार, समुद्राची गाज, फार तर चर्चची घंटा. काय दिसते? माडांची रांग, पांढरे चर्च, उघडी मोटार. दहा सेकंदांत प्रेक्षकाला कळते की आता मौज आहे. या नांदीत डिचोली कुठे आहे? चवथीच्या रात्री घुमट, शामेळ आणि कासाळे यांवर चालणारी आरती कुठे आहे? २०१९ साली घुमटाला राज्याचे वारसा-वाद्य म्हणून मान मिळाला, पण चित्रपटाच्या कानाला तो अजून पोचलेला नाही. श्याम बेनेगलांचा ‘त्रिकाल’ (१९८५) हा आदरणीय अपवाद. एक जण बऱ्याच वर्षांनी गावी परततो आणि १९६१ सालच्या आठवणीत शिरतो, अशा आरंभामुळे तिथला गोवा मौजेचा न राहता मोडत आलेल्या घराचा होतो. तरी ते घर लोटलीचे. मांडवीच्या उत्तरेचा मुलूख त्यात येण्याचे कारण नव्हते.

दुसरी चिंता जात्रेतलीच. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धक बंद ठेवावा लागतो. वर्षातले फार तर पंधरा दिवस, तेही मध्यरात्रीपर्यंत, सवलत देता येते. नियमाला मी दोष देत नाही. आजारी माणसाला झोप हवीच, आणि पूर्वीचा कालो ध्वनिवर्धकाशिवाय रात्रभर चालत असे हेही खरे. पण वेळ आखडली की कात्री प्रथम लागते ती आडदशावताराला. “संकासूर नको, थेट आख्यान लावा,” असे सांगणे आता नवलाचे राहिलेले नाही. घरी मोबाइलवर मालिका पाहताना प्रारंभ वगळण्याचे बटण असते. मंडपात ते काम उत्सव समिती करते. करार न वाचता सही केल्यासारखे आहे हे. आख्यान कळते, पण आज कोणत्या प्रमाणात हसायचे आणि कोणत्या प्रमाणात हात जोडायचे हे कोणी सांगितलेले नसते, म्हणून लोक राक्षस मरतानाही हसतात आणि नट बावरतो. हे मी गेल्या काही वर्षांत एकापेक्षा अधिक गावांत पाहिले आहे.

गेल्या सत्रात मी वर्गाला गृहपाठ दिला: आपल्या गावावर चित्रपट काढायचा झाल्यास पहिली तीन मिनिटे काय ऐकवाल? गिटारला बंदी. डिचोलीच्या एका मुलाने खनिजाचे ट्रक लिहिले. पण वाजणारे नव्हे, थांबलेले. २०१२ साली आणि पुन्हा २०१८ साली खाणी बंद पडल्यावर त्याच्या घरासमोरच्या रस्त्यावर प्रथमच कोंबड्याची बांग स्पष्ट ऐकू आली, आणि त्याच आठवड्यापासून घरात पैशांवरून भांडण ऐकू येऊ लागले. त्याला पडद्यावर फक्त लाल धूळ बसलेली झाडे हवी होती.

पेडण्याच्या मुलीचे टिपण याहून लहान होते. पडदा काळा. पखवाजावर पहिली थाप, मग झांज. धुमाळी सुरू होते न होते तोच वरून विमान जाते, कारण २०२३च्या जानेवारीपासून मोपचा विमानतळ चालू आहे. पखवाजी थांबत नाही. त्याचा हात फक्त जड पडतो. विमान दूर गेल्यावर चित्र उजाडते: मंडप, बाक, पेटारा, आणि काळा वेश चढवत बसलेला संकासूर. हा चित्रपट कोणत्या प्रकारचा, असे मी वर्गाला विचारले. विमान काढले तर पौराणिक, यावर एकमत झाले. पखवाज काढला तर काहींना तो सहलीचा वाटला, काहींना गुन्हेगारीचा. दोन्ही ठेवले तर काय, यावर घंटा होईपर्यंत वाद चालला आणि निकाल लागला नाही.