डोंगल लावावं का?

प्रश्न : पीथमपूरच्या लहान कारखान्यांसाठी मी बिलिंग आणि स्टॉकचं सॉफ्टवेअर बनवलं आहे. एकानं विकत घेतलं की शेजारचे त्याचीच कॉपी मारतात. डोंगल लावून विकलं तर हे थांबेल का? — एक वाचक, देवास

उत्तर : शेजाऱ्याची कॉपी थांबेल, पण तुमच्या सॉफ्टवेअरला डोंगल लावू नये असंच माझं मत आहे.

डोंगल म्हणजे संगणकाला जोडायचं छोटं उपकरण; ते जोडलेलं नसेल तर सॉफ्टवेअर चालत नाही. मराठी डीटीपीवाल्यांना ही वस्तू चांगली ठाऊक आहे. श्रीलिपी किंवा सी-डॅकचं आयएसएम असं मराठी फाँटचं सॉफ्टवेअर घेतलं की सोबत 'लॉक' यायचं. ते संगणकाच्या मागे प्रिंटरच्या पोर्टला बसवायचं आणि प्रिंटरची केबल त्याच्यावर. लॉक हरवलं की छपाई ठप्प. पुढे नव्या संगणकांतून तो पोर्टच गेला, तेव्हा पैसे मोजून घेतलेलं सॉफ्टवेअर चालवण्यासाठी जुनी मशिनं जपून ठेवायची वेळ आली. ज्याच्याकडे क्रॅक केलेली कॉपी होती, त्याला यातलं काहीच सोसावं लागलं नाही!

क्रॅक करणारा बहुधा डोंगलला हातही लावत नाही. प्रोग्राम डोंगलला 'आहेस का?' असं जिथे विचारतो, ती जागा तो शोधून काढतो आणि उत्तर काहीही आलं तरी प्रोग्राम पुढे जाईल अशी व्यवस्था करतो. कधी कधी दोन-चार बाइट बदलून काम भागतं. यावर तोड आहे : गुप्त किल्ली डोंगलच्या चिपबाहेर येऊ द्यायची नाही आणि प्रोग्रामचा एखादा महत्त्वाचा हिशेब चिपच्या आतच करायचा. तो भाग संगणकावर नसतोच, त्यामुळे चोराला तो नव्यानं लिहावा लागतो. पण एवढी मेहनत फार थोडे लोक घेतात.

तुमच्या गावातच बँक नोट प्रेस आहे. तिथली नोट हातात आली की आपण उठावदार शाईवरून बोट फिरवतो, सुरक्षा धागा उजेडात धरून बघतो, कारण खोटी नोट आली तर नुकसान आपलं. म्हणजे नोट घेणारा स्वतःच पहारेकरी होतो. सॉफ्टवेअरचं उलटं आहे. फुकट वापरणाऱ्याला तपासणी नकोच असते, आणि कुलूप, दार, घर सगळं त्याच्याच ताब्यात असतं.

डोंगलसोबत ड्रायव्हर येतो, तीही एक कटकट. ६४ बिटचं विंडोज आलं तेव्हा जुने ३२ बिटचे ड्रायव्हर त्यावर चालेनात. २०१८ साली कॅस्परस्की या सायबर सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी एका सर्रास वापरल्या जाणाऱ्या डोंगलच्या सॉफ्टवेअरमध्ये १४ त्रुटी दाखवल्या. ते बसवताना विंडोजच्या फायरवॉलमध्ये १९४७ क्रमांकाचा नेटवर्क पोर्ट परवानगीच्या यादीत जात होता आणि डोंगल काढल्यावरही तो उघडाच राहत होता.

मग डोंगल कोणी लावावं? ज्याचं पॅकेज लाखांत विकलं जातं, गिऱ्हाइकं मोजकी आहेत आणि ज्या संगणकावर ते चालतं त्याला इंटरनेट नाही, त्यानं. सीएनसी मशिनचे प्रोग्राम बनवणारी कॅम पॅकेजेस वर्षानुवर्षं डोंगलसोबत विकली गेली, ती याच हिशेबानं. तिथेही डोंगल बिघडलं तर त्याच दिवशी तात्पुरता परवाना देण्याची सोय हवी, नाहीतर गिऱ्हाइकाचं मशिन उभं राहतं आणि शिव्या तुम्हाला बसतात.

तुम्ही एवढंच करा. परवान्याच्या फाइलमध्ये कारखान्याचं नाव आणि जीएसटी क्रमांक घाला, त्यावर तुमची डिजिटल सही करा आणि प्रत्येक बिलावर तेच छापून येऊ द्या. दुसऱ्याचा जीएसटी क्रमांक छापलेलं बिल शेजाऱ्याच्या काय कामाचं? पट्टीचा क्रॅकर हेही मोडेल, पण तुमचा शेजारी कारखानदार पट्टीचा क्रॅकर नाही. शिवाय वार्षिक मेंटेनन्सचे पैसे घ्या. २२ सप्टेंबर २०२५ला जीएसटीचे दर बदलले, तेव्हा अपडेटसाठी फोन करायला ज्याच्याकडे कोणी नव्हतं, त्याला कॉपीची किंमत कळली असेल.

कायदा तुमच्या बाजूनं आहेच. बेकायदा प्रत आहे हे माहीत असूनही ती संगणकावर वापरली, तर कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ब प्रमाणे ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण वकिलाची नोटीस धाडण्याआधी त्या शेजाऱ्याला एक कोटेशन पाठवून बघा.